उजवी तर्जनी ‘जे’वर

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाला लेख पाठवला. आठवड्यानं संपादकांचा फोन. लेख घेतोय म्हणाले, पण तीन-चार परिच्छेदांच्या शेवटी एक शब्द येतो तो काही लागत नाही. "छै म्हणजे काय हो? यात कुणी गुजराती पात्र आहे का?"

लेखात पात्रच नव्हतं. मिरजेच्या सतारींवर लेख होता.

फाइल उघडून बघितली तर खरंच ‘छै’. एका ठिकाणी तर ‘रररछै’. मग ट्यूब पेटली. मी रोजचं काम व्हिम नावाच्या एडिटरात, म्हणजे मजकूर लिहायच्या-बदलायच्या प्रोग्राममध्ये करते. त्यात फाइल सेव्ह करायची तर आधी कोलन, मग डब्ल्यू. आणि कर्सर खाली न्यायचा तर जे. हा लेख मात्र मी घरच्या कॉम्प्युटरवर, साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर लिहिला होता. इन्स्क्रिप्टमध्ये कोलनच्या बटणावर छ असतो, डब्ल्यूवर दोन मात्रा, आणि जे-वर र. मला वाटत होतं मी परिच्छेद संपवून सेव्ह करतेय आणि तीन ओळी खाली जातेय. बोटं मात्र इमानेइतबारे लिहीत होती: रररछै.

संपादकांना खरं कारण सांगायला पाच मिनिटं लागली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पण एवढं सगळं शिकायचं कशाला? माऊस असतो ना?"

प्रश्न रास्त आहे, आणि मला तो गेली आठ वर्षं या ना त्या तोंडून येतोय. फोनवर मी हसून सोडून दिलं. इथं जरा बैजवार सांगते.

२०१७ साली मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर होते. म्हणजे आम्ही केलेला प्रोग्राम कसा चालवायचा याच्या पुस्तिका लिहिणारी. वय चव्वेचाळीस. तोवर सगळं वर्डमध्ये सुखानं चाललं होतं. मग फर्मान निघालं की पुस्तिकाही आता कोडसारख्याच साध्या टेक्स्ट फाइलींत राहतील आणि गिटमधून, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधून, ये-जा करतील. गिटमध्ये बदल नोंदवताना ‘काय बदललंत ते लिहा’ म्हणून एक एडिटर उघडतो. माझ्या मशीनवर तो व्हिम होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळा पडदा, डाव्या कडेला नागमोडी टिल्डांची उभी रांग, वर लुकलुकणारा कर्सर.

मी ‘ॲडेड’ हा इंग्रजी शब्द टाइप केला. पहिला मोठा ए गडप झाला आणि पुढचे डी-डी-ई-डी तेवढे उमटले. (मोठा ए ही तिथं आज्ञा आहे: ओळीच्या शेवटी जा आणि लिहायला लाग. हे कळायला मला महिना लागला.) कसंबसं वाक्य पुरं करून सवयीप्रमाणे कंट्रोल-एस दाबलं, तर सगळंच गोठलं. ते गोठणं व्हिमचं नव्हतं, टर्मिनलचं होतं, म्हणजे व्हिम ज्या काळ्या खिडकीत चालतो तिचं. टर्मिनलच्या जुन्या भाषेत कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’, आणि पुन्हा सुरू करायला कंट्रोल-क्यू. मला यातलं काय माहीत असणार! मी खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी तीच जागा उघडली तर व्हिमनं लांबलचक इशारा दिला की या फाइलची एक अर्धवट प्रत सापडली आहे, तिचं काय करू? जणू मी रात्री कुणाला तरी अडकवून घरी निघून आले होते.

शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. त्यानं न बघताच सांगितलं, "मॅडम, एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. सगळेच अडकतात." हे तो धीर द्यायला म्हणाला असेल असं वाटलं, पण ते शब्दशः खरं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनं जाहीर केलं होतं की ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं?’ या एका प्रश्नाचं पान दहा लाखांवर वेळा बघितलं गेलं आहे.

मला राग आला होता आणि रागाच्या भरातच मी शिकायला घेतलं. व्हिमबरोबर व्हिमट्यूटर म्हणून एक धडा येतो, साधारण अर्ध्या तासाचा. धडा म्हणजे एक फाइलच. चुका करून ठेवलेली वाक्यं त्यात असतात आणि ती दुरुस्त करत करत पुढे जायचं. पहिल्याच पानावर सांगितलं होतं की कर्सर हलवायला बाणांची बटणंही चालतील, पण या चार अक्षरांनी भरभर जाता येईल. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. मी तीन आठवडे रोज सकाळी ऑफिसात लवकर जाऊन तो धडा गिरवला. आणि गिरवताना सारखी सांगली आठवत होती.

माझी आत्या सांगलीत टायपिंगचा क्लास चालवायची. गावभागात, पहिल्या मजल्यावर, खाली किराणा दुकान. चौदा मशिनं, त्यातली नऊ इंग्रजी आणि पाच मराठी. दहावीच्या सुट्टीत मला तिथं बसवलं गेलं, कारण मुलीच्या हातात काहीतरी असावं. सकाळी सातची बॅच. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानभर तेच. मग पुढच्या दिवशी पुन्हा तेच. चौदा मशिनांचा एकदम आवाज यायचा तो पत्र्यावरच्या वळिवासारखा. आत्या पाठीमागून फेऱ्या मारायची, हातात वहीचा पुठ्ठा. कुणी बोटांकडे बघताना दिसलं की तो पुठ्ठा हातांवर आडवा धरायची. एक शब्द बोलायची नाही. डोळे डावीकडच्या पुस्तकात हवेत, बोटांत नकोत आणि कागदातही नकोत.

मराठी मशीन आणखी द्वाड. ‘कि’ काढायचा तर आधी वेलांटी, मग क. काही चिन्हं उमटायची पण कॅरेज जागचं हलवायची नाहीत. शिफ्ट दाबून ठेवलं की बटणावर भलतंच अक्षर, आणि शिफ्ट लॉक चुकून अडकलं तर आख्खी ओळ बाराच्या भावात. तेव्हा कळलं नव्हतं, पण ‘आत्ता या बटणाचा अर्थ काय आहे ते डोक्यात ठेवून बोट टाकायचं’ ही गोष्ट मी सोळाव्या वर्षी शिकले होते. व्हिमचं सगळं भय तेवढ्याच एका गोष्टीत आहे. त्याला मोड म्हणतात. इन्सर्ट मोडमध्ये डी दाबलं तर डी उमटतो. नॉर्मल मोडमध्ये डी म्हणजे ‘काढून टाक’, आणि व्हिम पुढचं ऐकायला थांबतो: काय काढू?

हे असं विचित्र का केलं असेल, हा प्रश्न मला फार छळायचा. उत्तर मिळालं ते मजेशीर आहे. व्हिमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्यानं १९७६ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात लिहिला. त्याआधी युनिक्स या संगणकप्रणालीवर केन थॉम्प्सनचा ‘ईडी’ हा एडिटर होता. त्यात मजकूर दिसायचाच नाही; ‘दहावी ओळ दाखव’ म्हटलं की दहावी ओळ छापून यायची. लंडनच्या एका कॉलेजात जॉर्ज कूलुरिस यांनी त्याची सुधारून ‘ईएम’ आवृत्ती केली आणि नावाचा अर्थ सांगितला: मर्त्य माणसांसाठीचा एडिटर. म्हणजे ईडी देवांसाठी. जॉयनं ते पाहून पुढचं पाऊल टाकलं आणि मजकूर पडद्यावर दिसेल असं केलं. व्हीआय म्हणजे व्हिज्युअल.

आणि तो हे काम घरून करायचा, टेलिफोनच्या तारेवरून, ३०० बॉडच्या मोडेमवर. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. पडदा २४ ओळींचा, ओळीत ८० अक्षरं. गुणाकार करा: १,९२० अक्षरं. पडदा एकदा पुरता रंगवायचा तर एक मिनिट चार सेकंद! अशा वेळी माणूस काय करेल? एकेक अक्षर मोलानं वापरेल. ‘हा शब्द काढ’ एवढं सांगायला दोन अक्षरं, ‘मघाचंच पुन्हा कर’ सांगायला एक टिंब. व्हिमच्या आज्ञा आखूड आहेत त्या हुशारी दाखवायला केलेल्या नाहीत. ट्रंक कॉलवर तीन मिनिटांत घरची खुशाली सांगणाऱ्या माणसाची ती भाषा आहे.

जॉयपुढे जो टर्मिनल होता, तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक असलेलं यंत्रच, त्याचं नाव एडीएम-३ए. त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच; एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. एस्केपचं बटण क्यूच्या शेजारी होतं, करंगळीच्या टप्प्यात. युनिक्सवर आपल्या स्वतःच्या ‘होम’ फोल्डरला टिल्डा म्हणतात तेही तिथूनच आलं, कारण ‘होम’ आणि टिल्डा एकाच बटणावर होते. पुढे कळफलक बदलले. एस्केप वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं आणि आमच्या करंगळ्यांच्या नशिबी वनवास आला. मी आता कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकलंय. तसंही कॅप्स लॉकचा उपयोग एरवी चुकून दाबण्यापलीकडे मी कधी केला नव्हता.

पण मला खरी गोडी लागली ती त्यातल्या व्याकरणामुळे. आज्ञांची यादी पाठ करायची असते अशी माझी समजूत होती. तसं नाही. तिथं क्रियापदं आहेत आणि नामं आहेत. डी म्हणजे काढणं, सी म्हणजे बदलणं, वाय म्हणजे उचलून घेणं. डब्ल्यू म्हणजे शब्द, पी म्हणजे परिच्छेद, एस म्हणजे वाक्य, कंस म्हणजे कंस. आय म्हणजे ‘आतला’, ए म्हणजे ‘आख्खा’. आता जोडा: सी-आय-कंस म्हणजे कंसाच्या आतलं बदल. डी-ए-एस म्हणजे हे वाक्य काढ. एक नवं नाम शिकलं की जुनी सगळी क्रियापदं त्याला लागू होतात. मुळाक्षरं आणि बाराखडीचा जो हिशोब, तोच इथं.

आणि इथंच माझी एक वर्ष गोची होत होती. शेजारचा मुलगा सरळ ‘काढ-आतला-शब्द’ म्हणायचा. मी मात्र आधी व्हिज्युअल मोडमध्ये जाऊन शब्द निवडायचे, तो रंगलेला दिसला की मग ‘काढ’ म्हणायचे. तो म्हणायचा, मॅडम, एक बटण जास्त दाबताय. मलाही कळत होतं, पण हात ऐकेनात. पुष्कळ दिवसांनी उमगलं की व्हिम इंग्रजी बोलतो. क्रियापद आधी, कर्म मागून. ‘डिलीट वर्ड.’ आपण आयुष्यभर ‘तो शब्द काढ’ असं म्हणत आलोय. कर्म समोर ठेवल्याशिवाय आपल्याला क्रियापद सुचत नाही. अलीकडे हेलिक्स नावाचा एक एडिटर आलाय, त्यात हाच क्रम उलटा केलाय: आधी निवडा, मग काय करायचं ते सांगा. त्याच्या कर्त्यांना मराठी येत असण्याची काही शक्यता नाही, पण एडिटर मात्र मराठी वळणाचा आहे. मी महिनाभर वापरून बघितला, फार आवडला, आणि परत व्हिमकडे आले. इतक्या कष्टानं शिकलेलं परकं व्याकरण टाकवेना.

आता पैशाचा प्रश्न. म्हणजे वेळेचा.

व्हिमवाले लोक वेळ वाचतो म्हणून सांगतात. मी एकदा कागद घेऊन बसले. समजा माऊसकडे हात नेणं आणि परत आणणं टळल्यामुळे दर खेपेला ४ सेकंद वाचतात, आणि असं दिवसात २०० वेळा होतं. ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर ५३ तास. शिकताना पहिले तीन महिने मी रोज सुमारे तासभर मागे पडत होते, ते साठ-पासष्ट तास. म्हणजे सव्वा वर्षात भांडवल वसूल. कागदावर धंदा बरा दिसतो. पण त्यात व्हिमआरसीचा खर्च धरलेला नाही. व्हिमआरसी ही आपल्या आवडीनिवडींची फाइल, आणि ती म्हणजे नव्या संसाराची मांडणी. कधीच पुरी होत नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस खालच्या पट्टीचा रंग आणि ओळींच्या आकड्यांची जागा ठरवत बसले होते. चकल्या शेजारणीकडून आल्या.

मुद्दा तोही नाही. वाचलेली तेरा मिनिटं कुठं गेली, विचाराल तर मला दाखवता येणार नाहीत. चहात गेली असतील. आणि माझ्या कामात टायपिंगचा वेग हा अडसर कधी नव्हताच. चांगल्या दिवशी माझे हजार शब्द होतात. आत्यानं मला चाळीसच्या वेगावर आणून सोडलं होतं. हजार शब्दांना पंचवीस मिनिटं. उरलेले सात तास मी काय करत असते? वाचत असते, खोडत असते, प्रोग्रामरच्या मागे ‘हे बटण दाबल्यावर नक्की काय होतं?’ म्हणून फिरत असते. वेगाचा खरा उपयोग आत्याच्या क्लासमधल्या पोरांना होता. त्यातली काही पुढे कोर्टाबाहेर बसायची, पानामागे पैसे मिळायचे. आणि सरकारी नोकरीला मराठी तीसचं, इंग्रजी चाळीसचं सर्टिफिकेट लागायचं. त्यांच्या बोटांना भाव होता. माझ्या बोटांना कुणी असा भाव दिलेला नाही. तेव्हा वेळ वाचवण्यासाठी व्हिम शिका असं कुणी म्हणालं तर माझ्यापुरतं मी सांगेन: नका शिकू.

याच्याही पुढे जाऊन, मोड हा प्रकारच वाईट, असं म्हणणारा एक फार मोठा माणूस होऊन गेला. लॅरी टेस्लर. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात त्यानं आणि टिम मॉटनं जिप्सी नावाचा एडिटर केला. आपण रोज वापरतो ते कट-कॉपी-पेस्ट टेस्लरच्या खात्यावर जमा आहे. त्याचं म्हणणं असं की एकाच बटणाचा अर्थ वेळेनुसार बदलला की माणूस गोंधळणारच, आणि तो दोष माणसाचा नाही. तो यासाठी इतका हट्टी होता की गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नोमोड्स’ लिहून घेतलं होतं. २०२० साली तो गेला. जगानं त्याचंच ऐकलं आणि बरंच झालं. माझी आई सत्तराव्या वर्षी ईमेल लिहायला शिकली ती टेस्लरच्या जगात. व्हिमच्या जगात तिचं पहिलं पत्र अजून लिहून व्हायचं असतं. ‘रररछै’ हा टेस्लरच्या बाजूचा पुरावा म्हणून कुणी कोर्टात दाखल केला तर मी उलटतपासणी घेणार नाही.

तरी मी व्हिम सोडला नाही. का, ते नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण ते मलाही उशिरा कळलं.

बाकीचा कुठलाही एडिटर उघडा, तो लिहायच्या तयारीत असतो. कर्सर लुकलुकतो, आपण बोट ठेवलं की अक्षर उमटतं. पेन उघडं, निब कागदाला टेकलेली. व्हिम उघडला की नॉर्मल मोडमध्ये असतो, म्हणजे पेनाला टोपण लावलेलं. मजकूर समोर आहे. त्यात फिरा, वाचा, शोधा. लिहायचं असेल तर मुद्दाम आय दाबून टोपण काढा, झालं की एस्केपनं परत लावा. म्हणजे या एडिटरनं गृहीतच धरलंय की तुमच्यापुढे आधीचं काहीतरी लिहिलेलं आहे आणि तुमचा बराचसा दिवस ते नीट करण्यात जाणार आहे. माझं काम हुबेहूब हेच होतं. मी वीस वर्षं स्वतःला ‘लिहिणारी’ म्हणवत होते. दिवसाचा हिशोब काढला तर मी खोडणारी होते. खोडणाऱ्या माणसाचं अवजार मला चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालं.

हातांची एक सवय त्यातून लागली. एक वाक्य झालं की मी एस्केप दाबते. विचार सुटला की एस्केप. फोन वाजला की एस्केप. पूर्वी मी परिच्छेदाच्या परिच्छेद एका दमात रेटायचे आणि मग नीट करायचा कंटाळा यायचा. आता दर दोन-तीन वाक्यांनी टोपण लागतं आणि नजर आपोआप मागे जाते. लिखाण सुधारलं का, ते वाचणाऱ्यांनी सांगावं. आखूड मात्र झालं.

आणखी एक गोष्ट, जी मी कुणालाही कौतुकानं दाखवते. व्हिमला वेळेच्या भाषेत मागे जाता येतं. कोलन टाकून ‘अर्लियर’ आणि पुढे १० एम लिहिलं की मजकूर दहा मिनिटांपूर्वी होता तसा होतो. ‘लेटर’ म्हटलं की परत पुढे. साध्या अनडूत एक खोड आहे: चार पावलं मागे जाऊन काही नवं लिहिलंत की ती चार पावलं कायमची गेली. व्हिममध्ये ती जात नाहीत, फांदी फुटते, आणि दोन्ही फांद्या शाबूत राहतात. खोडलेलं वाक्यच बरं होतं, असं जेवून आल्यावर वाटणाऱ्यांच्या जातीतली मी असल्यानं मला याची किंमत कळते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं गुणगान गातेस तर मराठी त्यात का लिहीत नाहीस? छै कशाला झालं असतं?

लिहून बघितलं. गंमत म्हणजे वाक्याची आज्ञा मराठीला चपखल बसते. व्हिमच्या लेखी वाक्य संपतं ते टिंब, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आणि त्यापुढे मोकळी जागा आली की. आपण पूर्णविराम टिंबाचा देतो. हिंदीवाले दंड देतात, त्यांना ही सोय नाही. पण पुढे अडचणी सुरू होतात. एस्केप दाबून नॉर्मल मोडला आलात तरी कळफलक मराठीवरच असतो. तुम्ही जे दाबता, व्हिमला ऐकू येतो र, आणि र नावाची आज्ञा त्याला माहीत नाही. दर वेळी भाषा बदला, परत बदला. यावर उपाय आहे: व्हिममध्येच कीमॅप म्हणून फाइल करून ठेवता येते, जी फक्त लिहिताना देवनागरी देते आणि आज्ञेच्या वेळी गुमान इंग्रजीवर येते. मी इन्स्क्रिप्टची तशी फाइल दोन संध्याकाळी बसून केली आणि स्वतःवर भलती खूश झाले. मग टर्मिनलनं दगा दिला. माझ्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं विस्कटतात, वेलांट्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन राहतात. आणि व्हिम ‘कि’ला एक अक्षर मानतो, पण ‘क्ष’ला दोन, त्यावर एक्स दाबलं की क् जातो आणि ष एकटा मागे उरतो. ‘क्षितिज’ दुरुस्त करता करता माझ्याकडे ‘षितिज’ जमा व्हायला लागली, तेव्हा मी मराठी परत वर्ड प्रोसेसरमध्ये नेली. पण बोटं दोन संसार वेगळे ठेवायला तयार नाहीत. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

हल्ली ऑफिसात नवी मुलं आली आहेत ती यंत्रालाच सांगतात, हा भाग असा कर, तो तसा कर, आणि यंत्र पानभर मजकूर ओतून देतं. त्यांनी व्हिम शिकावं का? मला विचारलं तर मी जोर करत नाही. ज्यांना नुसती बटणं हवीत त्यांच्यासाठी इतर एडिटरांतही व्हिमची बटणं चालवता येतात, तेवढं पुष्कळ झालं. पण एक दिसतं. यंत्रानं ओतलेलं पान वाचून त्यातलं निम्मं काढायचं काम उरतंच, आणि ते करताना ती मुलं माऊसनं मजकूर रंगवत, चुकत, परत रंगवत बसलेली असतात. मी काही बोलत नाही. मी आत्या नाही.

व्हिम उघडल्यावर मधोमध काही ओळी येतात, त्यातली एक कधीकधी अशी असते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. पहिली दोन वर्षं मी ती वाचलीच नाही. देवळाबाहेरच्या पाटीकडे बघावं तसं बघून पुढे गेले. व्हिम लिहिला ब्रॅम मोलेनार या डच माणसानं. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती अमिगा कॉम्प्युटरसाठी बाहेर पडली. पुढे तो युगांडात किबालेला वर्षभर राहून पाणी आणि सांडपाण्याची कामं करून आला, आणि नंतर त्यानं व्हिम फुकट ठेवून लोकांना सांगितलं की द्यायचंच असेल तर तिथल्या मुलांसाठी द्या. तीस वर्षं तो हे एक अवजार घासत राहिला. ३ ऑगस्ट २०२३ ला तो गेला, वय ६२. बातमी मी ऑफिसात वाचली. शेजारच्या खुर्चीवरचा तो मुलगा तेव्हा कधीच बंगलोरला गेला होता. त्याला मेसेज केला. उत्तर आलं: एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू. सेव्ह करून बाहेर. मी त्या संध्याकाळी किबालेच्या संस्थेला थोडे पैसे पाठवले. सहा वर्षं फुकट वापरल्यावर.

यंदा मे महिन्यात सांगलीला गेले होते. आत्या आता चौऱ्याऐंशीची. क्लास बंद होऊन जमाना झाला. मशिनं भंगारात गेली, एक मराठी मशीन तेवढं तिच्या खोलीत मेणकापड घालून ठेवलेलं आहे. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी तिच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एक पुस्तिका तपासत बसले. ती कधी येऊन मागे उभी राहिली कळलं नाही. चष्म्यातून बघत होती. पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे.

"अगं, उजवा हात घसरलाय तुझा."

मी बघितलं. माझी उजवी तर्जनी एच-वर होती.

"तर्जनी जे-वर. एच-ला नुसतं हात लावून यायचं. विसरलीस होय?"

मी सांगितलं की आत्या, हे वेगळं आहे, यात एच म्हणजे डावीकडे, जे म्हणजे खाली, म्हणून बोटं एक घर अलीकडे बसतात. ती म्हणाली, कुणी ठरवलं असं? मग मी तिला तो जुना टर्मिनल सांगितला, अक्षरांवर छापलेले बाण सांगितले. हेही सांगितलं की ते बाण तिथं का आले असतील: कंट्रोल आणि एच म्हणजे बॅकस्पेस, कंट्रोल आणि जे म्हणजे लाइन फीड.

"लाइन फीड म्हणजे आपला तो लिव्हर? कागद वर सरकवायचा?"

"तोच."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे मशीनवाल्यांचंच आहे सगळं. पण ज्यानं बसवलं त्याला टायपिंग येत नसणार. येत असतं तर जे-के-एल-सेमीकोलन केलं असतं. हात हलवायलाच लागला नसता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ वर्षांत इतक्या जणांशी या विषयावर वाद घातला, हा मुद्दा कुणी काढला नव्हता.

तिनं टेबलावरून कॅलेंडरचा पुठ्ठा उचलला आणि माझ्या हातांवर आडवा धरला. "हं. चालू दे."

मी तर्जनी जे-वर सरकवली. पुठ्ठ्याखाली दोन-तीनदा चुकलं. डावीकडे जायला आता एक घर जास्त जावं लागतं.